उजवीकडे कोण बसलं होतं

१

गाडीत मेलेला माणूस एकच होता आणि गाडी चालवणाराही तोच होता, असं सगळा गाव सांगत होता. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं होतं. नाही म्हणणारी एकटी सुंदरबाई होती, आणि ती मेलेल्या पोराची आई होती. आईचं म्हणणं पुराव्यात कोण धरतो?

भिका बैसाणे पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता विमा कंपन्यांसाठी अपघातांची चौकशी करायचे. धुळ्यापासून भुसावळपर्यंत कुठंही गाडी झाडाला भिडली की आज ना उद्या त्यांना फोन यायचा. जळगावच्या ऑफिसात योगेंद्र नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने फाइल पुढे सरकवली.

"भिकाभाऊ, पारोळ्याजवळचं करंजवेल. गाडी निंबा पाटलाच्या नावावर, विमाही त्याच्याच नावावर. गेला तो त्याचा पुतण्या, ललित. एकोणीस वर्षांचा. लायसन नुकतंच हातात पडलेलं."

"मग यात चौकशी कसली?"

"आई म्हणते पोरगा चालवत नव्हता, शेजारी बसला होता. वकिलाची नोटीस आलीय."

"त्याने काय फरक पडतो?"

"तिला सगळाच पडतो. गाडी ललितच्या नावावर असती तर तो कुठंही बसलेला असता तरी मालकाच्या अपघाताची रक्कम त्याच्या आईला मिळाली असती. पण तो मालक नाही. दुसऱ्याची गाडी चालवताना मेला, तर आपल्याकडून तिला काही नाही. शेजारी बसलेला असताना दुसऱ्याच्या चुकीने मेला, तर ती भरपाई मागू शकते."

"म्हणजे डावीकडे बसला तर मिळणार, उजवीकडे बसला तर कोरडं."

"तसंच समजा. निंबा पाटलाचा जबाब आहे की ललित एकटाच होता. आणखी एक-दोन जबाब जोडा, म्हणजे फाइल मिटली."

भिकाभाऊंनी फाइल बगलेत घातली. उठता उठता विचारलं, "आणि डावीकडे बसलेला असेल तर?"

"मग उजवीकडे कोण होतं ते सांगावं लागेल," योगेंद्र म्हणाला. "ते नाव अजून कुणी घेतलेलं नाही. आईनेसुद्धा."

२

करंजवेलला कापसाची वेचणी लागली होती. निंबा पाटलाचं घर गावाच्या तोंडाशीच. पुढच्या खणात निंबानाना आणि त्यांची बायको दिपमाला, मागच्या एका खोलीत विधवा भावजय सुंदरबाई. अंगण एक, नळ एक. ललित गेल्यापासून चुली मात्र दोन झाल्या होत्या.

निंबानानांनी खाट टाकली, चहा सांगितला. माणूस सरळ वाटत होता. फक्त बोलताना समोर बघत नव्हता.

"काय सांगू भाऊ. श्रावणातला कानबाई देवीना सण, त्याना दुसरा दिवस, सोमवार. गाव बठ्ठा नदीवर, कानबाई बोळवाले. परत येऊन पंगत व्हती. मी ललितले सांगं, पारोळ्याहून बर्फ आन. तो गाडी काढीसन एकटाच गया. हायवेच्या अलीकडं वळण शे, तठे कडूनिंबाचं झाड."

"गाडी तुमच्या नावावर कशी? घेतली तर सुंदरबाईंनी म्हशी विकून, असं ऐकलं."

"पैसा तिनाच. दीपनगरले ठेकेदाराकडं ड्रायव्हरनी जागा व्हती, त्याआधी हात बसावा म्हणून जुनी गाडी घेतली. पण नव्या पोऱ्याच्या नावावर विमा महाग पडे. पारोळ्याना गाड्या इकनारा कुंदनशेठनी सांगं, नानाच्या नावावर टाका."

भिंतीवर शाळेचा एक फोटो होता, दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी. भिकाभाऊंनी लहान मुलाकडे बोट केलं. "हा कोण?"

निंबानानांनी तोंड उघडायच्या आत दिपमाला दारातून बोलली, "नीलेश, आमना. सतरा वर्साना. तो धुळ्याले क्लासले शे, मावशीकडं. शनिवारीच गया व्हता. कानबाईले बी थांबना नही."

विचारलं होतं एक, उत्तरं आली चार. भिकाभाऊंनी चहा संपवला आणि ते मागच्या खोलीकडे गेले.

सुंदरबाई दारात बसून तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तुम्ही कंपनीना मानूस."

"हो अक्का."

"म्हणजे लिखून ठेवेल असशी, पोऱ्याच चालाडत व्हता म्हणून."

"अजून काही लिहिलेलं नाही. तुम्हाला कशावरून वाटतं, तो चालवत नव्हता?"

तिने सूप खाली ठेवलं. "मना ललित घाबरत गाडी चालाडे. पायले पेडल समजाले पाहिजे म्हणे. चप्पल काढीसन मागच्या शिटवर ठेवे आनि उघड्या पायनी चालाडे. गावातले पोरं हसेत, म्हणेत ललित गाडी चालाडस का देवळात जास. त्याले घरी आणं तवय दोन्ही चपला पायात व्हत्या, भाऊ. पाय सुजेल व्हते. पट्टे कापीसन मीच काढ्यात."

"हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगं. म्हणतात, मावशी, चपलेचा जबाब घेता येत नाही."

"मग गाडी कोण चालवत होतं? तुम्हाला काय वाटतं?"

सुंदरबाईने सूप पुन्हा उचललं. "मले काय वाटस ते मी सांगाव नही. मले ह्याच घरात ऱ्हानं शे."

अपघाताच्या जागी पहिला पोचला होता तो गिरधर. निंबानानांच्याच बांधावर बकऱ्या चारायचा. भिकाभाऊंनी त्याला झाडाखाली गाठलं. खोडाची साल अजून सोललेली होती.

"गाडीनी डावी बाजू झाडात घुसेल व्हती," गिरधर म्हणाला. "ललित तिकडंच वाकडा पडेल व्हता, पाय डाव्या बाजूले अडकेल व्हते. आम्ही उजव्या दारातून ओढून काढा त्याले. मंग कोनी बी म्हनाव, ड्रायव्हरच्या दारातून निघाला."

"उजवं दार तुम्ही उघडलं?"

गिरधरने हातातल्या काठीने मातीत रेघ ओढली. "नही भाऊ. ते उघडंच व्हतं."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"त्यास्नी इचारं नही. आनि नाना म्हणतात ललित चालाडत व्हता. नानाच्या शेतात बकऱ्या चारस मी. नानाना शब्द खोटा पाडू का?"

म्हणजे गाडीत आणखी एक जण होता. टक्कर झाल्यावर उजव्या दारातून उतरून तो निघून गेला होता.

३

पारोळ्याच्या किल्ल्याजवळ कुंदनचं दुकान. बाहेर जुन्या गाड्या, आत विम्याची कामं. माणूस गोड बोलणारा, हातात चार अंगठ्या.

"या भिकाभाऊ. तुमचं नाव ऐकून आहे. तुम्ही ज्या फाइलला हात लावता, ती सुकते म्हणतात."

"तुमच्या फाइलला अजून हात लावलेला नाही. ललितची गाडी निंबानानांच्या नावावर का टाकली?"

"स्वस्तात बसवायची म्हणून. पोरगा परवा लायसन घेऊन आलेला. त्याच्या नावावर सवलत कसली? नानांनी त्यांची जुनी गाडी विकली, तिच्यावर कधी दावा केला नव्हता. ती सवलत नव्या गाडीला लावता येते, पण गाडी त्यांच्याच नावावर पाहिजे. कायद्यात बसतं. अर्धं गाव असंच करतं. पोरगा चालवतो, कागदावर बाप, काका, आजा."

"आणि पोरगा चालवताना मेला तर?"

कुंदनच्या अंगठ्या थांबल्या. "असा प्रश्न गाडी घेताना कोण विचारतो हो? पेढे वाटायची वेळ असते ती. मी एवढंच बजावलं होतं, की ज्याच्याकडे लायसन आहे त्यानेच चालवायची. बिनलायसनवाला चालवताना काही झालं तर विमा म्हणजे रद्दी. हे ललितला तीन-तीनदा घोकून दिलं होतं. तो मान डोलवायचा, जी शेठ, जी शेठ."

"त्या सोमवारी तुम्ही कुठं होतात?"

"करंजवेललाच होतो की. नानांनी कानबाईला बोलावलं होतं. आदल्या रात्री खीर खाल्ली, पुरणपोळी खाल्ली. पण रोट?" तो हसला. "रोटाला हात लावू देतील तर शपथ. मी म्हटलं, वहिनी, तुकडा तरी द्या. तर दिपमालावहिनी म्हणतात, शेठ, तुम्ही आमच्या कुळाचे नाहीत. एवढी गाडी मिळवून दिली, विमा काढून दिला, पण रोटापुरता परकाच."

भिकाभाऊंना हसू आलं नाही. भडगावजवळच्या त्यांच्या गावी ते लहानपणी कानबाईच्या दिवशी पाटलाच्या दाराशी उभे राहायचे. तव्यावरच्या रोटाचा वास यायचा आणि देत मात्र कुणी नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण बौद्धवाड्यातले म्हणून देत नाहीत. पुढे कळलं की शेजारच्या पाटलालाही देत नाहीत, नांदायला गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घ्यायचा, रविवारी त्याचे रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे, ते फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. हे कळलं तरी दाराशी उभं राहिल्याचं काही मनातून गेलं नव्हतं.

"सोमवारी सकाळी?" त्यांनी विचारलं.

कुंदनने मोबाईल काढला. पडद्यावर नदीचा काठ, डफाचा आवाज, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया. मधोमध निंबानाना, त्यांच्या शेजारी हात वर करून नाचणारा कुंदन. अचानक कुणीतरी पळत येतं, "ललितनी गाडी ठोकायनी" असं ओरडतं, डफ थांबतो आणि चित्रण हलायला लागतं.

म्हणजे निंबानाना उजवीकडे नव्हते. कुंदनही नव्हता. भिकाभाऊंनी ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. गर्दीत सुंदरबाई दिसली. दिपमाला कुठंच दिसली नाही.

"दिपमालाबाई का नाहीत यात?"

"त्या कानबाई उचलेपर्यंत होत्या. मग पंगतीचा स्वयंपाक बघायला घरी गेल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही, भिकाभाऊ, उगा संशय घेऊ नका," कुंदन म्हणाला.

भिकाभाऊ दिपमालेवर संशय घेत नव्हते. टक्कर झाली तेव्हा सगळ्या गावात घरी असलेलं माणूस ती एकटीच होती. उजव्या दारातून उतरलेला जो कुणी होता तो पळत कुठं गेला असेल, याचा ते विचार करत होते.

४

धुळ्याला देवपुरात बेबाबाईचं दोन खोल्यांचं घर. दिपमालेची थोरली बहीण. नवरा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे कुणी बोलायला आलं की तिला बरं वाटायचं. निंबानानांकडून आलो म्हटल्यावर तिने पोहे टाकले.

"नीलेश शनिवारपासूनच माझ्याकडे होता," तिने न विचारताच सुरुवात केली. "कानबाईच्या आदल्या दिवसापासून. क्लास बुडायला नको ना."

"हुशार आहे म्हणतात."

"हुशार होता. ललित गेल्यापासून पुस्तक उघडत नाही. भावाभावांचा फार जीव. बातमी आली तेव्हा पहिले दोन दिवस पोराने अन्न शिवलं नाही बघा. मी भाकरी केली, वरणभात केला, ताट तसंच परत. पिशवीतले रोट तेवढे खायचा, तेही रडत रडत."

भिकाभाऊंचा पोह्यांचा घास हातातच राहिला. आवाज मात्र त्यांनी होता तसाच ठेवला. "तुम्ही केले असतील रोट."

"मी कशी करणार भाऊ? आमचं कूळ वेगळं, आमची कानबाई वेगळी. त्याच्या घरचे त्याच्या नावाचे रोट होते ते. आईने फडक्यात बांधून दिलेले. मी त्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही. देवाचं आहे, उगा आपल्या हातून काही व्हायला नको."

"कुणी आणून दिले?"

"कोण आणणार? गावात तर सुतक. येतानाच घेऊन आला तो."

बोलून गेल्यावरही तिला काही कळलं नाही. तिच्या मनात ती देवाचं सोवळं सांगत होती, तारखेचा हिशेब तिच्या डोक्यात नव्हता.

दार वाजलं. नीलेश आत आला. फोटोतल्यापेक्षा बराच वाळलेला. दप्तर डाव्या खांद्यावर. पाहुण्याला बघून त्याने नमस्कार केला, तेव्हा उजवा हात अर्ध्यावर अडखळला. सदऱ्याच्या गळ्यातून गळ्याखालचं हाड दिसत होतं. उजव्या बाजूला, मोडलेलं हाड जुळताना राहते तशी, त्यावर सुपारीएवढी गाठ होती.

"खांद्याला काय झालं रे?" भिकाभाऊंनी विचारलं.

"मोरीत पडलो."

"पोरा, चल. पांझरेपर्यंत जाऊन येऊ."

नीलेशने एकदा मावशीकडे पाहिलं. मग दप्तर खाली ठेवलं.

५

पांझरेला पाणी कमी होतं. काठावर दोघे बसले. भिकाभाऊंनी घाई केली नाही. हवालदार असताना ते एक शिकले होते, की खरं बोलायला माणसाला थोडी शांत जागा लागते.

"रोट रविवारी होतात," ते म्हणाले. "तू शनिवारी धुळ्याला आला असतास, तर तुझ्या पिशवीत रोट कुठून आले? म्हणजे रविवारी तू करंजवेलला होतास. सोमवारी गाव नदीवर असताना तू गाडीत होतास. पट्टा लावलेला माणूस धडकला की पट्टा हाडात रुततो. डावीकडे बसणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पट्टा जातो आणि चालवणाऱ्याच्या उजव्या. तुझं उजवं हाड मोडलं. ललितच्या पायात चपला होत्या. चपला घालून तो गाडी चालवत नव्हता."

नीलेश पाण्याकडे बघत बोलायला लागला.

"दादा म्हणाला, घे. रस्ता मोकळा आहे, गाव नदीवर आहे. तू पण शिक. मी आधी पण चालवली होती, पडीक रानात. रस्त्यावर पहिल्यांदा. वळणावर शेळीचं पिल्लू आडवं आलं. मी ब्रेक समजून दुसरंच दाबलं."

"मग?"

"दादा शुद्धीवर होता. त्याचे पाय अडकले होते. मी ओढायला लागलो तर म्हणाला, हात लावू नको. तू पळ. तुझ्याकडे लायसन नाही, तू चालवत होतास हे कळलं तर शेठ म्हणाले तसं विमा रद्दी होईल, नानांना दंड होईल. लायसन माझ्याकडे आहे. मी चालवत होतो असं सांगतो. तू घरी जा, कुणाला तरी पाठव."

त्याने उजवा खांदा दाबला. "मला वाटलं, पाय मोडलाय. मी शेतातून घरी पळालो. आईला सांगितलं. आईने हात गळ्यात बांधला, पिशवी भरली आणि लांबच्या फाट्यावरून एसटीत बसवलं. मदतीला कुणी पाठवायच्या आधीच गिरधरकाकांनी पाहिलं म्हणे. धुळ्याला पोचलो तेव्हा फोन आला, दादा गेला."

"आईने पिशवीत रोट का बांधले?"

"माझ्या नावाची मूठ होती. सुतक लागायच्या आतले आहेत, म्हणाली नंतर फोनवर. पुनवेच्या आत तूच खाल्ले पाहिजेस, नाही तर कानबाई कोपेल. आधीच एवढं झालंय."

भिकाभाऊंनी मनाशी हिशेब जुळवला. कुंदनने घोकून दिलेला धडा ललितने मरता मरता पाळला होता. लायसन ज्याचं, त्यानेच चालवली असं सांगायचं. विमा वाचवायला त्याने खोटं रचलं, आणि त्याच खोट्याने त्या विम्यातून त्याच्या आईचं नाव पुसलं. विम्याच्या कागदावर आपण कुणीच नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हे लिहून देशील?"

"बाबांना विचारतो," नीलेश म्हणाला. तेव्हाच भिकाभाऊंना कळलं, की तो लिहून देणार नाही.

६

योगेंद्रने अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकही होतं.

"रोटावरून काढलंत? मानलं तुम्हाला."

"मग आता सुंदरबाईंचं काय?"

"काही नाही."

"तो डावीकडे बसला होता. तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण उजवीकडे लायसनवाला माणूस असेल असं धरून म्हणालो. नीलेश सतरा वर्षांचा, बिनलायसनचा. अटच मोडली. आणि त्याच्या हातात गाडी दिली कुणी? ललितने. आमचा वकील कोर्टात तेच म्हणणार."

"आणि ललितच चालवत होता असं धरलं तर?"

"तर तो मालक नाही. तेव्हाही काही नाही." योगेंद्रने अहवाल फाइलमध्ये लावला. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, बेरीज करून दाखवल्यासारखा तो बोलत होता. "कोर्ट फार तर म्हणेल, आधी आईला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे निंबा पाटलाकडून. ते व्हायला वर्षं जातील. आणि त्यासाठी नीलेशच चालवत होता हे सिद्ध करावं लागेल. रविवारी गावाने त्याला पाहिलं असेल, पण नानांच्या विरुद्ध कोण सांगणार ते?"

भिकाभाऊ करंजवेलला गेले. कंपनीचं काम संपलं होतं, पण एवढं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडली नसती. सुंदरबाई तेव्हा कापूस वेचून आली होती. पदराची ओटी सोडून तिने ऐकून घेतलं. ललित शेवटी काय बोलला, तेही त्यांनी सांगितलं.

"म्हणजे मना पोऱ्यानी गाडी ठोकी नही."

"नाही अक्का."

"हे तुम्ही लिखं?"

"लिहिलं. पण त्याने पैसे मिळतील असं नाही. आणि तुम्ही कोर्टात गेलात तर समोर नाना असतील. ज्या घरात राहता, त्याच घरावर दावा."

पुढच्या खणातून दिपमालेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. ती ऐकत होती. सुंदरबाईने तिकडे पाहिलं, आवाज कमी केला नाही.

"गाव म्हणस, ललितले गाडी येत नव्हती, उगा मस्तीत मरी गया. मी नळावर पाणी भराले जास तवय ऐकस. पैसा नही भेटना तरी चालई. पन कोर्टात कोनीतरी मोठ्यानी वाचू द्या, का तो चालाडत नव्हता."

७

तारीख जळगावला लागली ती दुसऱ्या उन्हाळ्यात. भिकाभाऊंना सुंदरबाईच्या वकिलाने साक्षीला बोलावलं. त्यांनी रोटाचं सांगितलं, चपलांचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, नीलेशचं पांझरेकाठचं बोलणंही सांगितलं. कंपनीच्या वकिलाने एकच विचारलं, अपघात तुम्ही डोळ्याने पाहिला काय? भिकाभाऊ नाही म्हणाले.

गिरधर आलाच नाही. शेळ्या व्यायल्या, असा निरोप आला. बेबाबाई म्हणाली, रोटाचं मी कधी बोललेच नाही, यांनीच माझ्या तोंडी घातलं. दिपमाला म्हणाली, मुलगा शनिवारीच गेला होता. सगळ्यांच्या शेवटी नीलेश उभा राहिला. आता अठराचा झाला होता, ओठांवर मिसरूड फुटली होती. हाडाबद्दल विचारलं तर म्हणाला, मोरीत पडलो. त्या दिवशी कुठं होतास विचारलं, तर म्हणाला, धुळ्याला. त्याने शपथ घेतलेली होती. सुंदरबाई सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. निंबानानांनी मान वर केली नाही.

पुढची तारीख पडली. त्यापुढेही पडणार होती. ललित चालवत नव्हता असं मोठ्याने कुणी वाचलं नाही.

कोर्टाबाहेर ऊन मी म्हणत होतं. करंजवेलकडची एसटी निघून गेली होती. निंबानानांनी घरच्यांसाठी एक जीप ठरवून आणली होती. सुंदरबाई झाडाखाली उभी होती, हातात पिशवी, पायात तुटकी वहाण. जीप सुरू झाली, पुढे गेली आणि थांबली. निंबानाना खाली उतरले. वहिनीसाठी मागचं दार उघडून उभे राहिले. वादी आणि प्रतिवादी एकाच गावचे, एकाच अंगणातले. दुसरी गाडी नव्हती.

सुंदरबाई चढली. आत नीलेशने तिच्यासाठी खिडकीची जागा सोडली आणि तो मध्ये सरकला. भिकाभाऊ चार हातांवर उभे होते, त्यांना आतलं ऐकू येत होतं. ड्रायव्हरने गिअर टाकायला हात नेला, तेव्हा सुंदरबाईने नीलेशकडे न बघता विचारलं,

"त्यानी पाणी मांगं व्हतं का रे?"

दिपमालेने डोळे मिटले. पुढे येऊन बसलेले निंबानाना समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळापूर्वी ज्या पोराने शपथेवर आपण तिथं नव्हतो असं सांगितलं होतं, त्याने खाली मान घालून हळूच होकार दिला.

"दिलं का?"

नीलेशने मान हलवली. नाही.

सुंदरबाईने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीची काच वर केली. जीप पारोळ्याच्या वाटेला लागली.